पडक्या घराचा शेजार

मावळातला पाऊस वरून पडतो हे म्हणणे निम्मेच खरे आहे. घाटमाथ्यावर चढून आलेला पश्चिमेचा वारा त्याला आडवा लोटतो, आणि म्हणूनच लोणावळा-खंडाळ्याच्या जुन्या वस्तीत, तसेच पवन, नाणे आणि आंदर या तिन्ही मावळांतील गावठाणांत, मृग निघण्यापूर्वी पश्चिमेकडील भिंतीला पत्रे, ताडपत्री किंवा गवताचे झाप बांधून तिला झडीपासून राखण्याचा रिवाज घर शाकारण्याइतकाच नेमाने पाळला गेला. परंतु ज्या भिंतीविषयी हा लेख आहे तिच्या वाट्याला असा बंदोबस्त कधीच आला नाही, कारण तिची पावसाशी गाठच पडलेली नसते. दोन संसारांच्या मधोमध उभी असलेली ती सामाईक भिंत. तिच्या एका अंगाला एकाचे देवघर, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याची धान्याची कणगी, आणि दोन्हीकडच्या तुळया तिच्याच माथ्यावर विसावलेल्या. शेजारचे घर एखाद्या आषाढात बसले, म्हणजे पिढ्यान् पिढ्या आत असलेली ही भिंत एका रात्रीत बाहेर येते, आणि धडधाकट घराच्या मालकाला आपल्या घराचे दुखणे आपल्या हद्दीत नसून शेजाऱ्याच्या ढिगाऱ्यात आहे हे पहिल्यांदा उमगते.

या भिंती सामाईक झाल्या त्या दोन वाटांनी. गावठाणातली वाट भाऊबंदकीची. आजोबाने सात खणांचे एकच घर बांधले, नातवांनी त्याचे दोन किंवा तीन हिस्से केले, माजघरात एक कूड घातला किंवा असलेल्या भिंतीतले दार बुजवले, आणि वाटणीपत्रात 'मधली भिंत उभयतांची सामाईक' एवढे एक वाक्य लिहून सारे मोकळे झाले. त्या भिंतीची डागडुजी कोणी, कोणत्या प्रमाणात आणि कोणत्या बाजूने करावयाची, याविषयी त्या दस्तात अवाक्षर नसते. लोणावळ्याच्या बाजारपेठेची वाट निराळी. लोहमार्ग पुण्याहून खंडाळ्यापर्यंत १८५८ साली पोहोचला, बोरघाटाची चढण १८६३ साली पुरी होऊन मुंबई जोडली गेली, १८७७ साली नगरपालिका स्थापन झाली, आणि स्थानकाच्या आसऱ्याने जी पेठ वाढली तीत रस्त्यावरची दर्शनी जागा मोलाची असल्यामुळे दुकानाला दुकान आणि घराला घर चिकटून ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. पुढे ओटा आणि फळ्यांचे दुकान, मागे राहते घर, वर माळा आणि मंगलोरी कौले, असा तो घाट. अशा ओळीत कोणतेही घर एकट्याच्या बळावर उभे नसते. जुवाखालच्या बैलजोडीतला एक बैल बसला की दुसऱ्याची मान आपोआप वाकते, तसा हा संबंध आहे.

भिंत नेमकी कशी मरते हे जवळून पाहिल्याखेरीज पुढचे काही ध्यानात येणार नाही. जुन्या घरांतील दोन-अडीच फूट जाडीची भिंत एकसंध दगडाची असते असा आपला समज असतो. वस्तुतः ती दोन पातळ भिंतींची जोडी असते, दोन्ही दर्शनी अंगांना बरे घडलेले काळे दगड, आणि मधल्या पोकळीत दगडाच्या कपच्या व गावठाणातली पांढरी माती. दोन्ही अंगांना शिवणारे लांब जोडदगड ठरावीक अंतराने घातलेले असले तर भिंत एकजीव राहते. पण काटकसरीच्या बांधकामात ते क्वचितच सापडतात. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, लातूर-धाराशिवकडची जाड भिंतींची घरे ज्या कारणांनी माणसांवर कोसळली त्यांत या जोडदगडांचा अभाव हे एक ठळक कारण होते, आणि त्यानंतर जी घरे पडली नाहीत त्यांच्या मजबुतीकरणासाठी शासनाने भिंतीत आरपार छिद्र घेऊन, त्यात आकड्याची सळई ठेवून, ते काँक्रीटने भरण्याची सोपी युक्ती गवंड्यांना शिकविली. मावळात भूकंपाचे काम पाऊस करतो. छप्पर शाबूत आहे तोवर पांढरी माती कोरडी आणि दणकट. भिंतीचा माथा उघडा पडला की पाणी वरून गाभ्यात उतरते, माती फुगते, मग निसटते, आणि आतली पोकळी रुंदावत जाऊन दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटू लागतात. गवंडी अशा भिंतीकडे पाहून 'पोट आलंय' एवढेच म्हणतो आणि ओळंबा सोडतो. दोरी आणि दगड यांच्यात जी फट दिसते ती म्हणजे त्या घराचा खरा अहवाल.

शेजारचे घर पडताना केवळ आसरा काढून घेत नाही, जाता जाता जखमही करते. त्याच्या तुळयांची टोके सामाईक भिंतीत वीतभर आत शिरलेली असतात. खांब खचून तुळईचे दुसरे टोक खाली आले की भिंतीतले टोक पहारीसारखे वर उचकते, माथ्याचे दोन थर उखडते, आणि मागे उरतात ती तुळयांची रिकामी घरे, ज्यांतून पुढे पावसाचे पाणी, उंदीर आणि पिंपळाचे बी, तिन्ही बिनहरकत आत येतात. ढिगारा तसाच पडून राहतो. त्याची माती सामाईक भिंतीच्या पायथ्याशी दोन-तीन हात उंचीपर्यंत साचते, तिच्यात पाणी मुरते, आणि आपल्या घरात बसलेल्या माणसाला माजघराच्या भिंतीला कंबरेइतकी ओल आणि लोणा का लागला याचा उलगडा होत नाही. तो बिचारा आतून सिमेंटचा गिलावा करून घेतो. हा गिलावा अशा घरावरचा सर्वांत महागडा अपाय होय. मातीची आणि चुन्याची भिंत आलेली ओल दोन्ही अंगांनी बाहेर टाकू शकली तरच जगते. सिमेंटने तिचा एक श्वास बंद केला की पाणी आतल्या आत वर चढते, आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याचा पापुद्रा आपल्याबरोबर दगडाच्या कपच्या घेऊन गळून पडतो. चुना महाग नाही; चुन्याचे काम जाणणारा गवंडी दुर्मिळ झाला आहे, एवढाच फरक.

पाण्यात पांढऱ्या मातीचे काय होते याची साक्ष पुणे जिल्ह्याने १२ जुलै १९६१ रोजी घेतली. पानशेतचे धरण फुटले, खालचे खडकवासलाही टिकले नाही, आणि मुठेकाठच्या पेठांत जे वाडे लोंढ्याने नेले नाहीत त्यांच्या भिंती पाणी ओसरल्यावर, पायाची माती विरघळल्यामुळे, स्वच्छ उन्हात खाली बसल्या. त्या दिवसांत एकेका ओळीतील तगलेल्या वाड्यांना लाकडी टेकू देऊन उभे ठेवावे लागले होते. मावळाची आपत्ती इतकी नाट्यमय क्वचितच असते. जुलै १९८९ मध्ये भाजे येथे लेण्यांच्या डोंगराची दरड गावावर येऊन तीसहून अधिक माणसे गाडली गेली, तसा प्रसंग अपवादाचा. येथे बहुधा वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिलेले एक घर, ज्याचे मालक मुंबईस किंवा पिंपरी-चिंचवडला नोकरीधंद्याला गेले, त्याचे एक कौल सरकते, एक वासा कुजतो, आणि जुलै २०२४ मध्ये लोणावळ्यात एका दिवसात तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला तशा एखाद्या दिवशी ते निमूटपणे बसते. वर्तमानपत्रात बातमी येते ती मोठ्या इमारतीची. या घरांची नोंद फार तर पंचनाम्यात होते.

पंचनाम्याचे शास्त्रही जाणून घेण्यासारखे आहे. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे, ते येऊन पडलेल्या घराची नोंद करतात, आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे पूर्णतः नष्ट झालेल्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि डोंगरी प्रदेशात १,३०,००० रुपये, तर अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्याला ४,००० रुपये साहाय्य मिळू शकते. मात्र अंशतः म्हणजे किमान १५ टक्के. ज्याचे घर पडले त्याची बूज राखणारी ही तरतूद ज्याचे घर पडले नाही पण उघडे पडले त्याच्याविषयी मूक आहे. त्याचे वासे जागेवर, कौले जागेवर, माणसे सुखरूप. नुकसान काय, तर एक भिंत जी उद्या पडेल. उद्या पडणाऱ्या भिंतीचा रकाना कोणत्याही तक्त्यात नाही.

कायद्याकडे वळावे तर प्रथमदर्शनी दिलासा मिळतो. सुविधाधिकारांचा अधिनियम १८८२ सालचा. तो मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला आणि आजतागायत जारी आहे. त्याच्या रचनेनुसार जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क जन्मजात आहे, इमारतीला तो तसा नाही. परंतु इमारतीने शेजारचा आधार २० वर्षे शांततेने, सुविधाधिकार म्हणून आणि अखंडपणे उपभोगला असेल, तर तो अधिकार तिला वहिवाटीने प्राप्त होतो, आणि एकाच घराची वाटणी होऊन दोन झाली असतील तर आवश्यकतेपोटी तो वाटणीबरोबरच उत्पन्न होतो. इथवर वाचून समाधानाने पान मिटणाऱ्या मालकाने आणखी दोन कलमे वाचावीत. एकात म्हटले आहे की ज्याच्या मिळकतीवर हा भार आहे त्याने दुसऱ्याच्या लाभासाठी काही करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. आधार काढून घेण्याची त्याला मनाई आहे, आधार टिकविण्याची सक्ती नाही. म्हणजे शेजाऱ्याने पहार घालून भिंत पाडली तर आपण न्यायालयात जाऊ शकतो. त्याने काहीच केले नाही, घर पावसाला आणि वाळवीला सोपवून तो ठाण्याला निघून गेला, तर या अधिनियमाच्या आधारे त्याला परत बोलावता येत नाही. दुसऱ्या कलमाप्रमाणे दोहोंपैकी कोणतीही मिळकत समूळ नष्ट झाली की अधिकारही लोपतो. त्याच जागी २० वर्षांच्या आत इमारत पुन्हा उभी राहिली तर तोही जिवंत होतो. ती वीस वर्षे आपली भिंत कोणी सांभाळावी, याचे उत्तर त्यात नाही.

एक अधिकार मात्र उपयोगाचा आहे आणि तो फारच थोड्यांना माहीत असतो: ज्याला सुविधाधिकार आहे त्याला तो उपभोगण्यासाठी आवश्यक ती कामे शेजारच्या मिळकतीत शिरून करता येतात, स्वतःच्या खर्चाने, योग्य वेळी, आणि शेजाऱ्याला कमीत कमी तोशीस लागेल अशा रीतीने. अधिनियमातच उदाहरण दिले आहे ते दुसऱ्याच्या जमिनीतून नेलेल्या पाण्याच्या नळाचे. नळ दुरुस्त करण्यासाठी खणावे, पण जमीन पूर्ववत् करून द्यावी. सामाईक भिंतीला बाहेरून टेकू लावणे, तुळयांची घरे बुजविणे, पायथ्याची माती हलविणे या कामांना याच तत्त्वाचा आधार घेता येतो, आणि कोणी हरकत घेतलीच तर न्यायालयाकडून जागेच्या पाहणीसाठी आयुक्त नेमून घेण्याची सोय दिवाणी कार्यपद्धतीत आहे.

सामाईक भिंतींचा स्वतंत्र कायदा अन्यत्र आहे. लंडनच्या भीषण आगीनंतर १६६७ साली शहराच्या पुनर्बांधणीचा जो कायदा झाला त्यात सामाईक भिंतींची तजवीज होती, आणि तीच परंपरा विकसित होत १९९६ साली इंग्लंड-वेल्सला सामाईक भिंतींचा स्वतंत्र अधिनियम मिळाला: काम काढणाऱ्याने शेजाऱ्याला लेखी सूचना द्यावयाची, मतभेद झाल्यास तज्ज्ञ नेमावयाचा, त्याने दोन्ही घरांची आधीची स्थिती टिपून निवाडा द्यावयाचा. आमच्याकडे हा विचार नवा आहे असेही नाही. कौटिल्याने दोन घरांतील अंतर आणि वळचणींची मांडणी यांची मापे दिली आणि वास्तूचे तंटे शेजाऱ्यांच्या साक्षीवर सोडविण्यास सांगितले. इंग्रजांनी स्वतःच्या राजधानीसाठी जे केले ते आपल्या प्रजेसाठी केले नाही, आणि स्वातंत्र्यानंतर आपणही ते केले नाही. मुंबई बेटावरील जुन्या चाळी कोसळू लागल्यावर १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचनेचे स्वतंत्र मंडळ कायद्याने स्थापन झाले. घाट चढून वर आले की त्याचा अंमल संपतो. माझ्या मते सामाईक भिंतींचा एक दहा कलमी कायदा महाराष्ट्राच्या तालुक्याच्या गावांना नव्या उड्डाणपुलापेक्षा अधिक उपयोगी पडेल; पण उड्डाणपुलाचे उद्घाटन करता येते, भिंतीचे करता येत नाही.

नगरपरिषदेच्या हद्दीत, म्हणजे लोणावळा किंवा तळेगाव दाभाडे येथे, १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली धोकादायक इमारतीच्या मालकास ती दुरुस्त करण्याची किंवा उतरवून घेण्याची नोटीस काढता येते. पावसाळ्यापूर्वी अशा नोटिसा दरवर्षी निघतात. पण नोटीस कुणाच्या नावे? मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव असते, आजोबांना पाच मुलगे आणि तीन मुली, त्यांतले काही हयात नाहीत, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही, आणि एक शाखा कोणत्या शहरात आहे हे कोणालाच ठाऊक नसते. नोटीस मग पडक्या दारावर चिकटवतात, तिच्यावर पाऊस पडतो. त्यातून शेजारच्या घरात जुना भाडेकरू असला तर गुंता आणखी वाढतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूस मालकाला किमान १५ दिवसांची सूचना देऊन दुरुस्ती स्वतः करण्याची आणि खर्च भाड्यातून वळता करण्याची मुभा दिली आहे, पण वर्षाला एक चतुर्थांश भाड्याच्या मर्यादेत, आणि पेठेतल्या जुन्या भाड्याच्या एक चतुर्थांशात चार पाट्या चुनासुद्धा येत नाही.

गावठाणाच्या नकाशाविषयी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. स्वामित्व योजना देशभर २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. तिच्या आधीच पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा पथदर्शी प्रयोग झाला होता. ड्रोन उडण्यापूर्वी हद्दीवर चुन्याची फक्की टाकावयाची आणि वरून छायाचित्र घ्यावयाचे, ही पद्धत अंगणाला, कुंपणाला, बोळाला उत्तम लागू पडते. परंतु एकाच पाख्याखाली असलेली दोन घरे आकाशातून एक दिसतात, आणि भिंतीच्या पोटातून जाणाऱ्या रेषेवर फक्की टाकता येत नाही. घर उभे असताना दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून ही रेषा, भिंतीच्या जाडीसह, मोजून कागदावर सह्यांनिशी घेतली नाही, तर एक बाजू पडल्यावर तंटा भिंतीचा न राहता हद्दीचा होतो, आणि हद्दीचा तंटा भिंतीपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतो.

आता कामाचा क्रम. शेजारचे घर पडल्यावर पहिल्या आठवड्यात आपल्या घराला रंग-गिलावा करण्याचा विचारही मनात आणू नये. आधी आपल्या बाजूच्या तुळयांखाली, भिंतीपासून हात-दीड हात आत, सलग आडवा तुकडा देऊन लाकडी किंवा लोखंडी टेकू उभे करावेत, म्हणजे छपराचा भार भिंतीवरून उतरतो. मग प्रत्येक तड्यावर काचेची अरुंद पट्टी पक्की चिकटवून तिच्याशेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भिंत अद्याप चालते आहे, महिनाभर अखंड राहिली तर ती थांबली आहे. भिंतीचा उघडा माथा ताडपत्रीने नव्हे, तर उतार दिलेल्या पत्र्याने झाकावा आणि त्याची कड दोन्ही अंगांना वीतभर पुढे काढावी. ढिगारा काढावा, पण एका दिवसात सारा काढू नये. पोट आलेल्या भिंतीला कित्येकदा तोच ढिगारा टेकू देत असतो, म्हणून थोडी माती काढावी, तेथे तिरपा टेकू द्यावा, मग पुढची माती. हे अनुभवी गवंड्याला सांगावे लागत नाही. यंत्राच्या चालकाला मात्र अवश्य सांगावे लागते. शेवटी पायथ्याला उताराची गटार काढावी, तुळयांची घरे दगड-चुन्याने भरावीत, आरपार जोड द्यावेत, आणि बाहेरच्या अंगाला चुन्याचा गिलावा करून, पहिली दोन-तीन वर्षे तरी, मृगापूर्वी पत्रे ठोकावेत. ही भिंत आता पश्चिमेची भिंत झाली आहे, मग तिचे तोंड कोणत्याही दिशेला असो.

या क्रमातले पहिले पाऊल सोडले तर जवळपास सारे काम शेजाऱ्याच्या हद्दीतले आहे, आणि म्हणून ते सुरू करण्यापूर्वी त्याच्या वारसांची लेखी संमती घेणे शहाणपणाचे. पुष्कळ मालक येथे मानापमानाने अडतात: घर त्याचे पडले, खर्च मी का करावा, आणि वर परवानगीही मीच का मागावी? प्रश्न रास्त आहे. तथापि वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाव्यात वकिलाची फी, कोर्ट-स्टँप आणि दरम्यान पडलेल्या पावसाचा हिशेब मांडला, तर शेजाऱ्याचा ढिगारा पदरमोड करून उचलणे हाच बहुधा स्वस्त सौदा ठरतो. संमतीपत्रात चार गोष्टी असाव्यात: भिंतीची आजची मापे आणि छायाचित्रे, काम करणाऱ्यास आत येण्याची मुभा, या खर्चाने जागेवर कोणताही नवा हक्क उत्पन्न होत नाही अशी कबुली, जिने समोरच्याची धास्ती जाते, आणि शेजारी पुढे इमला बांधील तेव्हा त्याने भिंतीचा निम्मा खर्च, ठरलेल्या आकड्याने, द्यावा अशी अट. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरऐवजी पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. तो खर्चही आपणच करावा.

सह्या कधी घ्याव्यात, हा प्रश्न राहतो. मावळातला पाऊस ओसरता ओसरता दसरा येतो, भिंती वाळायला थंडी लागते, आणि चुन्याचे काम मार्चच्या आत आटोपलेले बरे, म्हणजे वैशाखाच्या उन्हाआधी त्याला धीमेपणाने पाणी मारता येते. नोकरीनिमित्त पांगलेले वारस मात्र वर्षातून एकदाच, दिवाळीच्या चार दिवसांत, गावी एकत्र सापडतात. तेव्हा ते शेजारच्या आळीत उतरलेले असतात. फराळाचे ताट घेऊन जावे, मुलाबाळांची विचारपूस करावी, आणि भाऊबीज उलटून मंडळी गाडीला बसण्यापूर्वी, सर्व भावांच्या आणि बहिणींच्याही, सह्या घेऊन ठेवाव्यात.